पान न उलटता वाचणारी सान्वी

सान्वीनं धडा फाडफाड वाचला. पान संपलं तरी ती वाचतच राहिली. पान उलटायचं मात्र विसरली.

वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तिच्या बाकाच्या मागं उभी होते म्हणून मला दिसलं. बोट ओळींवरून फिरत होतं आणि तोंडातून पुढच्या पानावरचा मजकूर येत होता. एकही शब्द चुकत नव्हता.

मी विशेष शिक्षिका. तासगाव तालुक्यातल्या काही शाळा माझ्याकडं आहेत. वार ठरवून एकेका शाळेत जायचं, शिकताना अडणाऱ्या मुलांना बघायचं, त्यांच्या शिक्षकांना आणि आईवडिलांना मदत करायची. त्या दिवशी मी दुसऱ्याच मुलासाठी आले होते. चौथीतल्या सान्वीचं नाव माझ्याकडं कधीच आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात बोलावलं. तोच धडा काढून म्हटलं, "आता खालून वर वाच. शेवटची ओळ आधी."

तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "मॅडम, पोटात दुखतंय."

"बरं, नको वाचू. धडा पाठ कुणी करून घेतला?"

तिनं फ्रॉकचं टोक पिळलं. "दिदी वाचती, मी ऐकती. दोनदा ऐकलं की ऱ्हातंय ध्यानात." दिदी म्हणजे तिची दहावीतली चुलत बहीण.

"आणि अक्षरं?"

"ध आन् घ येकच दिसत्यात. वेलांटी कुठली कुठं द्यायची, कळत न्हाई. सरांना नका सांगू."

"सरांना सांगावं लागेल. पण चारचौघांसमोर तुला कुणी काही विचारणार नाही. ते माझ्याकडं लागलं."

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. मुलाची बुद्धी चांगली असते, डोळे-कानही ठीक असतात. फक्त अक्षराचा आकार आणि त्याचा आवाज यांची गाठ डोक्यात लवकर बसत नाही. तुम्हीआम्ही शब्द बघितला की वाचून मोकळे होतो. या मुलाला तो दर वेळी नव्यानं सोडवावा लागतो. बहुतेक मुलं मग वर्गात मागं पडतात आणि सापडतात. सान्वीची स्मरणशक्ती इतकी दांडगी, की ती सापडलीच नव्हती.

तिचे वर्गशिक्षक शिंदे सर हसलेच. "मॅडम, माझ्या वर्गात सगळ्यात फाडफाड वाचणारी पोरगी ती. तपासणीला साहेब आले तवा तिलाच उभी केली होती. फळ्यावरचं सगळं बरोबर उतरवती की!"

"उतरवते सर. चित्र काढल्यासारखं."

सरांचं हसू गेलं. "वर्गातली सगळी पोरं वाचत्यात म्हणून मी वर कळवलंय. आता हिचं नाव तुमच्याकडं लावलं तर मला विचारतील."

"विचारतील. पण जूनमध्ये ती पाचवीला तासगावला जाणार, आणि दिदी कॉलेजला सांगलीला. मग हिला वाचून कोण दाखवणार?"

"लावा नाव. वर काय सांगायचं ते मी बघतो," सर म्हणाले. "आईला मात्र तुमी सांगा. मला जमायचं न्हाई."

सान्वीचे वडील आर्मीत, आसामला. आई गावाबाहेरच्या बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. मी तिथंच गेले आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"माझ्या पोरीला येडी म्हणताय व्हय?"

"नाही ताई. ती हुशार आहे म्हणून तर इतके दिवस कुणाला कळलं नाही."

"परवाच तिनं तिच्या पप्पांना फोनवर धडा वाचून दावला. आन् तुमी म्हणताय येत न्हाई! जावा मॅडम, कामं पडल्यात."

मी निघाले. पोरीला समोर उभं करून सिद्ध करायचा मोह झाला होता. पण तिला शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. आवाज बसलेला. "मॅडम, शेजारच्यांची लग्नपत्रिका दिली हातात. वाच म्हटलं. पोरीनं नवऱ्याचं नाव आपल्या मनानंच लावलं. मग गावाचं. मी मारली तिला मॅडम. लय मारली." थोड्या वेळानं म्हणाली, "रातभर एवढंच म्हणत होती, मला मोठ्या शाळंत घालू नका."

आठवडाभरात आम्ही तिला सांगलीला सरकारी दवाखान्यात असेसमेंटसाठी नेलं. असेसमेंट म्हणजे अडचण नेमकी कुठं आहे याची तपासणी. दोन-तीन खेपा झाल्या. तपासणाऱ्या बाई आईला म्हणाल्या, "बुद्धी चांगली तल्लख आहे. वाचनाची वाट वेगळी आहे." आईनं बाहेर येऊन मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

मग काम सुरू झालं. पॉलिश पेपरची अक्षरं कापली. खरखरीत अक्षरावरून बोट फिरवायचं आणि त्याच वेळी आवाज काढायचा. आधी ध, तो पक्का झाल्यावरच घ. पुठ्ठ्याला खिडकी पाडली, म्हणजे एका वेळी एकच शब्द दिसेल. पाठ असलेल्या धड्याला हात लावायचा नाही, हा नियम तिला सगळ्यात जड गेला. पहिल्या महिन्यात ती दोनदा रडून उठून गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईनं सराव सोडला नाही. जूनमध्ये नव्या शाळेत मी आधीच जाऊन बोलले. पेपरला जादा वेळ आणि प्रश्न वाचून दाखवायची सवलत मिळाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले, तेव्हा वडिलांचा व्हिडिओ कॉल चालू होता. मला बघून ते म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पोरगी पयली कशी सुसाट वाचायची. आता दर शब्दाला थांबती. हे उलटंच झालं की!"

मी काही बोलायच्या आत आईनं फोन हातात घेतला. "आवं, तवा ती वाचतच नव्हती. आता वाचती."

पडद्यावर वडील जवळ सरकले.

"सान्वे," वडील म्हणाले, "वाच बाळा. सावकाश वाच. मी फोन धरून हाय."

तिनं कधी न ऐकलेली गोष्ट काढली. 'धनगर' शब्दावर अडली. गुडघ्यावर बोटानं ध गिरवला आणि पुढं गेली. एक पान वाचायला खूप वेळ लागला. वडील एकदाही मधे बोलले नाहीत. पान संपलं तसं तिनं ते उलटलं.

शुद्धलेखनाची बोंब अजून आहे, आणि ती पुढंही थोडी राहील. मी मात्र शाळेत गेल्यावर एक गोष्ट बदलली. अडखळणारी मुलं शिक्षक दाखवतातच. एकदाही न अडखळणाऱ्याला आता मी स्वतःहून जवळ बोलावते आणि नवं पुस्तक देते.