मिरगीची चप्पल

उंद्रीहून खामगावला जाणाऱ्या एसटीत ती रोज माझ्या शेजारी बसते. खामगावात औषधाच्या दुकानात कामाला आहे. नाव मी कधी विचारलं नाही; ती मला काकू म्हणते, मी तिला पोरी. बोलता बोलता स्वतःचंच मनगट धरून नाडी पाहायची तिला खोड आहे.

सरकारी ॲम्बुलन्सवाले पॅरामेडिकचं शिक्षण देऊन पोरापोरींना नोकरीला घेणार होते. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. "भरू का अर्ज, काकू?" ती सकाळी विचारायची आणि संध्याकाळी स्वतःच म्हणायची, "जाऊ द्या, आपल्याले कोन घेते?" माझं डोकं फिरायचं. "मंग इचारते काऊन वं?" मी खेकसायचे.

काल बसमध्ये एका माणसाला मिरगी आली. झालं, अख्खी बस शहाणी झाली. "चप्पल हुंगवा बे!" म्हणत एका कडक इस्त्रीतल्या पुढाऱ्यानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. तिनं ती हिसकावली आणि खिडकीबाहेर भिरकावली. माणसाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली ओढणी ठेवली.

"तू कोन लागून गेली वं?" पुढारी ओरडला.

"सध्या कोनी नाही!" ती कडाडली. "म्हनून तं चप्पल हुंगवून राह्यले तुमी!"

माणूस शुद्धीवर आला, तेव्हा ती जागेवर परतली. सवयीनं स्वतःची नाडी धरली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "काही बोलू नका काकू. आजच भरतो अर्ज."

मागे पुढारी एका पायावर उभा राहून चप्पल मागत होता. बस कोणी थांबवली नाही.