पानावर आडवा हात

वकीलसाहेबांच्या बायकोच्या तेरवीला ते कविता म्हणता म्हणता गप्प झाले, मला वाटलं संपली, आणि मी वरण वाढायला घेतलं.

नांदुऱ्यात मरायची कोणालाही मुभा होती, पण आमच्या शेजारच्या या वकीलसाहेबांच्या कवितेवाचून कोणाची तेरवी झाल्याचं मला आठवत नाही. पानं मांडली की हे काळ्या कोटात उभे राहत आणि गेलेल्या माणसावरची कविता म्हणत. ती संपेपर्यंत वाढायचं नाही, असा दंडक. महाराष्ट्र नवाच झाला होता, कायदेकानू बदलत होते; हा दंडक मात्र कोणी बदलला नाही. कवितेआधी ते घरच्यांची चक्क उलटतपासणी घेत. कापसाचे एक अडते वारले, तेव्हा त्यांचा मुलगा रडत म्हणाला, बाबा देवमाणूस होते. "मोघम नोको," हे म्हणाले, "शिंकत कसे होते ते सांग." मग शिंकेवर चार ओळी झाल्या. त्या शिंकेनं मालधक्क्यावरचे बैल उठायचे हे सगळ्यांनाच आठवलं, आणि अडत्यांचे वैरीसुद्धा डोळे पुसू लागले.

पण स्वतःची बायको गेली आणि ओळ सुचेना. "साक्षीदार मीच," मला म्हणाले, "अन् मलेच बोलता नाही येऊन राह्यलं." गावाला रुखरुख लागली, की सगळ्यांना मिळाली ती कविता काकूंनाच नाही? तेरवीला मात्र ते उभे राहिले. काकू त्यांच्या अंगातल्या कोटालाच बटण शिवायच्या आणि दोरा दातांनी तोडायच्या, ते कवितेत आलं. मग म्हणाले,

"कोर्टातून आलो की दारातच
पदराला हात पुसत ती विचारे—"

आणि थांबले. मी, वाढप्यांचा मुकादम, बादली घेऊन सरसावलो.

पहिल्याच पानावर आडवा हात आला. दुसऱ्यावरही. बघता बघता अख्ख्या पंगतीनं पानांवर हात धरले. उन्हातून आलेली भुकेली माणसं, पण वरणाचा थेंब कोणी घेईना. एक म्हातारा हळूच बोलला, "म्हना वकीलसाहेब. आमाले घाई नाही."

वकीलसाहेबांनी साऱ्या पंगतीवर नजर फिरवली, आणि जिंकत आलेल्या खटल्यातला शेवटचा मुद्दा मांडावा तसे खणखणीत म्हणाले, "'आज कोन गेलं, जी?'"

पंगत खो खो हसली, आणि हसता हसताच निम्म्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. काकू दारात उभ्या असल्यासारख्या सगळ्यांना दिसल्या. वकीलसाहेब ताठ मानेनं खाली बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन पान पुढे ओढलं.

मीही डोळे पुसत वाढायला वाकलो, तर वरण पानाबाहेर. उंद्रीहून आलेल्या वकीलसाहेबांच्या थोरल्या बहिणीनं माझ्या हातची बादली काढून घेतली.

"तू पंगतीत बस बे," ती म्हणाली. "वाढनं तुह्याच्यानं होत नाही. जेवनं तेवढं तुले चुकल्याबिगर येते."