आबा ज्या आकड्याला थांबले

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचे अनुभव मी बरेच महिने वाचतोय. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मनात म्हणायचो — माणूस दमलेला असणार, भास झाला असणार, विषय संपला. मी कॉम्प्युटर शिकलेला माणूस. आमचे सर म्हणायचे, लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, ओळ नसेल तर ते घडलंच नाही. मी जे सांगणार आहे त्याची कुठल्याच लॉगमध्ये ओळ नाही... तरी ते घडलं.

साल २००७ असावं. मी शिरूरला बी.सी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घर कवठे येमाईला. आमची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची. वडिलांच्या वेळेपासून शेतीवर स्थिर झाली. कॉलेजची पायरी चढलेला घरात मी पहिला. माझे आजोबा, म्हणजे आबा, यांनी मात्र दहा-बारा मेंढरं शेवटपर्यंत सोडली नाहीत.

कॉलेजचा एक सर्व्हर होता. त्यावर जगभरातून हल्ले यायचे. हल्ला म्हणजे, कुणीतरी दूर कुठेतरी बसून एकामागून एक पासवर्ड लावून बघायचं. बसतच होतं असं नाही, मशीनच ते काम करायचं. प्रत्येक प्रयत्नाची लॉगमध्ये ओळ पडायची, आणि त्या ओळीत हल्ला जिथून आला त्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. सरांनी हे काम दोघांना दिलं होतं, मला आणि संदीपला. पत्ते रजिस्टरमध्ये उतरवायचे, ते कुठल्या इंटरनेट कंपनीचे आहेत ते शोधायचं आणि त्या कंपनीला पुराव्यासकट तक्रारीची मेल करायची, "तुमच्या या पत्त्यावरून आमच्यावर हल्ला होतोय, बंदोबस्त करा."

सर एक दिवस म्हणाले, "दौंडजवळच्या एका कारखान्यात सर्व्हर रूमला माणूस पाहिजे. तुमच्यातल्या एकाचं नाव देणार आहे मी. दिवाळीपर्यंत काम बघतो तुमचं."

त्या दिवसापासून मला संदीपकडे सरळ बघता येईना.

संदीप दौंडचा. वडील रेल्वेत, घरी कॉम्प्युटर, ब्रॉडबँड. आठवडाभर शिरूरला मामाकडे राहायचा आणि रविवारी घरून सर्व्हरवर लॉगिन करून काम करायचा. मी रविवारी काय करणार? आमच्याकडे तेव्हा साधा फोन नव्हता. त्याचं इंग्रजी चांगलं. त्याच्या मेलना उत्तरं यायची, "धन्यवाद, कारवाई केली आहे." तो ती उत्तरं सरांना वाचून दाखवायचा. माझ्या मेलना एकदाही उत्तर आलं नव्हतं. एकदाही नाही. मी रोज मेल उघडायचो आणि रोज पेटी रिकामी.

बरं, माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. तो मला अर्धा डबा द्यायचा. एकदा माझ्याबरोबर एसटीने आमच्या घरीही आला. आबांनी त्याच्यासाठी ठेवणीतलं काळं घोंगडं अंथरलं. "बस रं लेकरा, दौंडास्नं आलायस," म्हणाले. ते घोंगडं माझ्यासाठी कधी निघालं नव्हतं. क्षुल्लक गोष्ट आहे, मला कळतं. पण त्या रात्री मी नीट जेवलो नाही.

आता आबांची सवय सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आबा मेंढरं कधी मोजायचे नाहीत. "मोजली की कमी व्हत्यात," म्हणायचे. संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभे राहायचे आणि एकेक मेंढरू आत जाताना नुसतं बघायचे. कुठलं नाही, कुठलं आजारी आहे, कुठलं दुसऱ्याच्या कळपातलं चुकून आलंय, सगळं बघूनच. दुसऱ्याचं आलं तर त्यांचा नियम पक्का होता. ते स्वतः नेऊन द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचं नाही.

माझ्या कामाचं त्यांना फार कौतुक. संध्याकाळी अंगणात चातीवर, म्हणजे हातातल्या टकळीवर, लोकर कातत विचारायचे, "आज किती लांडगं आलं रं?" मग मी रजिस्टर काढून पत्ते मोठ्याने वाचायचो. नुसते आकडे. त्यांना सही येत नव्हती, पण मान डोलावत ऐकायचे.

दिवाळीला पंधराएक दिवस राहिले असतील. मी लॉग बघत होतो आणि संदीपची रविवारची ओळ समोर आली, घरून लॉगिन केल्याची. त्यात त्याच्या घरचा आयपी. मी त्या ओळीकडे किती वेळ बघत होतो आठवत नाही. मग हल्ल्याच्या तीन खऱ्या ओळी कॉपी केल्या, त्यातला पत्ता पुसून संदीपचा टाकला, वेळ रविवारची घातली... आणि तो पत्ता माझ्या रजिस्टरमध्ये बाकीच्या तीस पत्त्यांच्या मधोमध लिहिला. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी लिहून सांगतोय.

मेल अजून पाठवली नव्हती. संध्याकाळी घरी आलो. आबांनी नेहमीसारखं विचारलं, मी वाचायला लागलो. सात-आठ पत्ते झाले असतील, त्यांची चाती थांबली.

"थांब. ह्ये लांडगं न्हाई. ह्ये आजारी हाय."

मला हसू आलं. "आबा, हे नंबर आहेत."

"व्हय. वाच पुढं."

पुढे वाचत गेलो. संदीपचा पत्ता आला, मी तो इतरांसारखाच वाचला, किंवा मला तसं वाटलं. आबांनी चाती खाली ठेवली.

"आन् ह्ये कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?"

"ह्ये चांगलं हाय. दुसऱ्याचं हाय. ह्येला लांडग्यांत का घातलंस?"

मी म्हणालो, "चुकून आलं असेल."

"मग नेऊन दे ज्याचं त्याला. आपल्या हातानं."

तुम्ही म्हणाल, आवाज कापला असेल. मीही स्वतःला तेच सांगितलं. म्हणून सकाळी सगळे पत्ते मराठी आकड्यांत नव्या कागदावर उतरवले, क्रम उलटासुलटा केला आणि वहिनीला दिले. वहिनी दहावी शिकलेली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हटलं, "आबांना वाचून दाखव, ते थांबवतील तिथे खूण कर." आणि मी दूध घालायला डेअरीवर निघून गेलो.

परत आलो तर वहिनी भाकऱ्या थापत होती. "भावजी, कसला खेळ हाय हो ह्यो? म्हाताऱ्यानं दोनदा थांबवलं मला." कागदावर पिठाच्या बोटांचे डाग आणि पेन्सिलच्या दोन खुणा. तेच दोन पत्ते.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. भीती वाटली होती, पण भीतीपेक्षा ते घोंगडं जास्त आठवत होतं. आणि मनात असंही आलं की माझ्या मेलना नाहीतरी कोण उत्तर देतंय? शिरूरला गेलो आणि एकतीसच्या एकतीस तक्रारी पाठवल्या.

आठ दिवसांनी माझ्या पेटीत पहिलं उत्तर आलं. आयुष्यातलं पहिलं. "तक्रारीबद्दल आभार. सदर ग्राहकाची सेवा बंद केली आहे." ते संदीपच्या पत्त्याचं होतं. इतक्या खऱ्या तक्रारींना कुणी विचारलं नाही, आणि खोटीला उत्तर आलं.

संदीपच्या घरचं नेट का बंद झालं ते सरांना कळलंच. लॅबमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "काय संदीप, राखणदाराच्याच घरातून चोरी?" पोरं हसली. संदीप लाल झाला. "सर, आईशप्पथ, मी काही केलं नाही. मशीनमध्ये व्हायरस असेल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला तरी पटतंय ना?" मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही माहीत नाही.

दौंडला माझं नाव गेलं.

त्यानंतर महिनाभराने दुसरं उत्तर आलं, परदेशातल्या कुठल्याशा शाळेकडून. आमचा एक जुना कॉम्प्युटर व्हायरसने बाधित झाला होता, आम्हाला माहीतच नव्हतं, कळवल्याबद्दल आभार. पत्ता ताडून बघितला. आबा ज्याला "आजारी" म्हणाले होते तोच. तो पत्ता कुणाचा आहे, तिथे काय चाललंय, हे तर मलाही माहीत नव्हतं. मग माझा आवाज कशाला कापेल?

तसाच घरी गेलो. "आबा, तुम्हाला कसं कळलं?"

ते मेंढराच्या पायातला काटा काढत होते. "तुला मेंढरू वळखू येतं का?"

"नाही."

"मग मी कसं सांगू?" काटा निघाला. मग वर न बघता म्हणाले, "दिलंस का नेऊन, ज्याचं त्याला?"

"दिलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वाघरीच्या तोंडाशी उभे राहून बघायचे तसं. "न्हाई दिलंस," एवढंच म्हणाले.

त्यानंतर आबांनी कधीच विचारलं नाही की आज किती लांडगं आलं. मी नोकरीला लागलो, सुट्टीला यायचो, अंगणात बसायचो. ते पिकापाण्याचं बोलायचे, मेंढरांचं बोलायचे. माझ्या कामाचं एक अक्षर नाही. दोन वर्षांनी ते गेले.

त्यांचा दहावा झाल्यावर मी संदीपच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, आबांसकट. तो म्हणाला, "लेका, माझ्या बापानं मोडेम उचलून मोरीत टाकला होता." मला वाटलं आता मारेल. त्याने विचारलं, "आबा काय म्हणाले होते? नेमकं सांग."

"ह्ये चांगलं हाय, म्हणाले."

"एकदा जेवलो होतो तुमच्याकडे. एकदाच." आणि तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसला. पुन्हा माझ्याशी बोलला नाही, आजपर्यंत नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण तिथे बसूनही मला त्याचा हेवाच वाटला. ते शब्द आबा माझ्याबद्दल कधी म्हणाले नव्हते.

मी आजही हेच काम करतो. स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही. ज्यांना विचारलं ते योगायोग म्हणाले. एकतीसमधले तेच दोन, दोनदा, वेगळ्या तोंडून... हिशोब तुम्हीच करा. तक्रारी पाठवण्याआधी मी सगळी यादी मोठ्याने वाचतो. ऑफिसातली पोरं हसतात. सावकाश वाचतो, एकेक पत्ता, वाघरीतून मेंढरू जावं तसा. कुठेतरी थांबावंसं वाटेल म्हणून वाट बघतो.

मला फक्त आकडे ऐकू येतात.