अच्छी चेष्टा

अमेरिका कोणी शोधली ते इतिहासवाल्यांनी ठरवावं. बऱ्हाणपुरात ती आणली आमच्या इंग्रजीच्या सरांनी. ते स्वतः खंडव्याच्या पुढे कधी गेले नव्हते, पण अमेरिकेबद्दल असे बोलायचे की तिथे त्यांचं आजोळ असावं. मॅट्रिकच्या पुस्तकात एकच अमेरिकन गोष्ट होती, बर्फात अडकलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची. बाकीच्या शाळांनी ती आठवड्यात उरकली. आमचा म्हातारा पोळ्याला अडकला तो दसरा आला तरी सुटेना. कारण सर शिकवत नसत, घडवून आणत. बर्फ म्हणजे आम्हाला शनवारा चौकातल्या गाडीवरचा, लाल सरबत ओतलेला. तेव्हा सर मला म्हणाले, "शाहपूरकर, उद्या घरून कापूस आण."

"इंग्रजीले कापूस कशाले लागते रे?" वडिलांनी विचारलं. पण आमच्या घराण्यात शाळेचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. लागत असेल, म्हणून त्यांनी गाठोडं बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी, ऑक्टोबरच्या उकाड्यात, सर घोंगडी पांघरून, भुवयांवर कापूस लावून, घामानं निथळत कुडकुडत होते. नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब आत आले. राज्य नवं झालेलं, शाळा मराठी आणि साहेब भोपाळचे, हिंदीवाले. ते पाच मिनिटं उभ्या उभ्या पाहत राहिले आणि शेरेबुकात लिहून गेले, 'शिक्षक ने समझाने की अच्छी चेष्टा की.'

सरांनी ते दोनदा वाचलं आणि भुवयांवरचा कापूस काढला. "चेष्टा केली म्हणे मी. आणि तीही चांगलीच." त्या दिवसापासून फक्त व्याकरण. म्हातारा बर्फात राहिला, आणि त्याच्यासोबत मीही. कारण इंग्रजीत नापास झालो तर माझं कॉलेज म्हणजे वडिलांची केळीची बाग, हे ठरलेलं होतं.

महिन्याभरानं हिंदीच्या तासाला तोच शब्द आला. अर्थ कळला तसा मी धावत बुधवाऱ्यात सरांच्या घरी गेलो. सर नुसत्या बनियनमध्ये डाळ निवडत होते.

"सर, त्यांच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तुमची तारीफ केली होती त्यांनी."

सरांनी डाळीतला एक खडा बराच वेळ शोधला. मग म्हणाले, "जन्म गेला इथे हिंदी बोलण्यात. बाजारात लोक कोशिश करतात रे. चेष्टा करायला सरकारच लागतं." आणि उठता उठता, "उद्या कापूस आण. जरा जास्तच आण."

संक्रांतीला म्हातारा सुटला. मार्चात इंग्रजीत पास होऊन मीही सुटलो. कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापकांनी एक अमेरिकन गोष्ट अर्ध्या तासात संपवली. तीतही बर्फ होता. शब्द न् शब्द कळला मला, त्या पेपरात गुणही चांगले पडले. थंडी मात्र वाजली नाही.