नवऱ्याचा कान आणि मिहीरचा उजवा हात

मिहीरने माझा कान पकडला होता आणि तो सुटत नव्हता. मी टेबलावर वाकलेली, तो समोर स्टुलावर, त्याच्या मानेमागे मशीनचे पॅड चिकटवलेले.

"सोड."

"सोडतोय मॅडम. हात ऐकत नाहीये ना!"

शेवटी मीच त्याचं मनगट खाली वाकवलं, तेव्हा कुठे बोटं सैल झाली. माझा कान लालबुंद झाला होता. तो आधी ओशाळला, मग खो खो हसायला लागला.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. जेवण, आंघोळ, बटणं लावणं अशी रोजची कामं माणसाला स्वतःची स्वतः करता यावीत, म्हणून आम्ही हातावर काम करतो. मुलुंडला आमचं सेंटर आहे. मिहीर भांडुपचा, अकरावीतला. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला झालेली इजा. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख. उजव्या हाताची मात्र सदा मूठ वळलेली. लोकांना वाटतं, अशा हाताला वस्तू धरणं जड जात असेल. जड जातं ते सोडणं. 'धर' हा निरोप हाताला जोरात पोचतो, 'सोड' हा निरोप वाटेतच कुठेतरी राहतो. त्यात माणूस खूश झाला किंवा घाबरला की मूठ आणखी घट्ट होते.

आणि मिहीरच्या घरी तर लग्न होतं. सायली, त्याची सख्खी मोठी बहीण. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि त्याच्याकडून काहीतरी उकळायचं, हा मान मिहीरचा. पण घरात ठरलं होतं की कानपिळीला चुलतभाऊ प्रणव उभा राहील.

त्याच्या आईने मला बाजूला घेऊन कारण सांगितलं. "साखरपुड्याला पेढ्यांचं ताट धरलं आणि सोडता येईना. पाहुण्यांनी ओढून काढलं. लोक हसले हो मॅडम. पोरगं त्या दिवशी जेवलं नाही. परत तसं नको."

मला त्यांचं म्हणणं पटत होतं. मिहीरला अजिबात पटत नव्हतं.

"तायडी माझी आहे, प्रणवची नाही," तो म्हणाला.

"मग डाव्या हाताने पिळ की."

"डाव्याने तर मी सगळंच करतो. हे उजव्याने करणार."

मी आमच्या हेड डॉक्टरांना जाऊन सांगितलं, की मिहीरच्या थेरपीचा गोल, म्हणजे ध्येय, बदलायचाय.

"काय गोल?"

"नवऱ्याचा कान."

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, आपण ठोकळे उचलून ठेवायची टेस्ट करतो. कानाची टेस्ट असते का कुठे?"

"ठोकळ्यांसाठी तो जांभया देतो सर. कानासाठी घाम गाळेल."

सरांनी होकार दिला, पण ठोकळ्यांची टेस्टही चालू ठेवायची, या अटीवर.

आता मशीनबद्दल. याला स्पायनल स्टिम्युलेशन म्हणतात. नाव ऐकून लोक दचकतात, पण यात ऑपरेशन नाही, सुई नाही. मानेमागे मणक्यावर पॅड लावून सौम्य करंट द्यायचा. थोडं झिणझिणतं. करंटने हात आपोआप हलत नाही. मज्जारज्जू जरा जागा होतो आणि मेंदूचा अर्धवट निरोप पुढे जायला मदत होते, अशी कल्पना. काम पेशंटनेच करायचं, तेही करंट चालू असताना. नुसते पॅड लावून मोबाईल बघत बसलं तर फायदा शून्य. सगळ्यांना सारखा उपयोग होतो असंही नाही, यावर अजून अभ्यास चालू आहे. हे मी प्रत्येक पालकाला आधीच सांगते, तरी अर्ध्यांना ते जादूचं मशीन वाटतं.

मिहीरने कामात कसूर केली नाही. कपड्यांचे चिमटे लावले, काढले. कणकेचे कान करून पिळले. कणकेचा कान मऊ असतो आणि ओरडत नाही, म्हणून मग माझा कान. रिसेप्शनवरच्या मुलीने साफ नकार दिला. एकदा तर सरच राउंडला आले आणि मिहीर म्हणाला, "सर, एक मिनिट कान द्या ना." सरांनी दिला. बोटं सुटायला वेळ लागला, पण सुटली. सर कान चोळत म्हणाले, "ग्रिप झकास आहे."

हळूहळू सुटणं जमायला लागलं. रोज नाही, पण जमायचं. लग्न जवळ आलं तसं त्याने विचारलं.

"मॅडम, मशीन हॉलवर आणता येईल?"

"नाही रे. आणि तिथे तू एक्साइट होणार, हात घट्ट होणार, हे धरून चाल. अडकलाच तर मनगट खाली टाक. बोटं सैल होतील."

हा तसा जुगाड. मनगट सरळ ठेवून बोटं उघडणं हे खरं यश. पण लग्नात जुगाड चालतो. मी आईंशीही बोलले. त्या म्हणाल्या, "करू दे. पण तुम्ही या."

हॉलमध्ये होमाजवळ गुरुजींनी नवरीच्या भावाला बोलावलं. मिहीर उठला, नवऱ्याशेजारी जाऊन उभा राहिला. उजवा हात वर नेला, जरा डगमगला, आणि अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कान बरोबर पकडला. पिळला. टाळ्या वाजल्या. सायली रडायला लागली.

पण त्याने कान सोडला नाही.

आई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मनगट, मनगट," मी स्वतःशीच पुटपुटत होते. टाळ्या थांबल्या. माझ्या मागे कुणीतरी "अडकला वाटतं" म्हणालंसुद्धा.

नवरा वाकलेला, डोळ्यांत पाणी. "काय पाहिजे साहेब? शर्ट आणलाय ना!"

"शर्ट नको. हेडफोन. वायरलेस."

"बरं, देतो."

"कधी?"

"उद्या! आई गं! उद्या नक्की!"

अख्खा हॉल हसला. मिहीरला नाही, नवऱ्याला. मग मिहीरची बोटं उघडली. आईंनी पदराने डोळे पुसले आणि मला इतकं घट्ट मिठीत घेतलं की माझा गजरा चुरगळला. मला फार बरं वाटलं. पण एक गोष्ट खटकत होती. बोटं उघडली तेव्हा मनगट सरळ होतं. मला वाटलं, त्याने मनगट खाली टाकलेलं गर्दीत माझं बघायचं राहून गेलं.

पुढच्या सेशनला मी त्याला फैलावर घेतलं. "माझा जीव टांगणीला लावलास. मनगट लगेच का नाही टाकलंस?"

तो गळ्यात नवे हेडफोन अडकवून बसला होता.

"कशाला टाकू? हात मोकळाच होता. हेडफोन कबूल करेपर्यंत सोडायचा नव्हता."

मी त्याला परत करायला लावलं. चिमटा धर, थांब, मनगट सरळ ठेव, आता सोड. त्याने सोडला. अजून एकदा सोडला. मी जाऊन सरांना ओढतच घेऊन आले.

तेव्हापासून पेशंटचा हात कुठे अडकलेला दिसला, की मी सोडवायला धावत नाही. आधी विचारते, "मुद्दाम धरलंयस का?"