माइक बिघडलेले अण्णा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही. बहिणीला तर नाहीच — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातसुद्धा भित्रेपणानेच झाली.

मी नाशिकला प्राथमिक शाळेत शिकवते. वय सत्तेचाळीस. सकाळची शाळा, दीडपर्यंत सिडकोतल्या घरी परत. नवरा इगतपुरीला रेल्वेत, तो येणार संध्याकाळी. लेक पुण्याला शिकायला गेली आणि तिचा जुना फोन घरी राहिला. त्यात तो गेम होता — चौघांनी मिळून एका बेटावर उतरायचं, बाकीच्यांना मारायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं. ही कार्टी तासन् तास यात काय बघायची, म्हणून उघडला आणि मीच अडकले. हसा, हसा. दुसरं कुणी असतं तर मीही हसले असते.

पहिल्या आठवड्यात मी माइक लावून बोलत होते. माझा आवाज ऐकला आणि पोरं तुटून पडली. ‘आंटी, पोळ्या लाटायला जा’ हे त्यातलं सगळ्यात सौम्य. बाकीचं लिहवत नाही. तेवीस वर्षं शिकवतेय, शाळेच्या भिंतींवरचं काय काय पुसून काढलंय, पण असलं कानात कुणी ओतलं नव्हतं. फोन पालथा टाकला आणि ओट्याला टेकून रडले. या वयात — एका खेळापायी!

मग दुसरं खातं उघडलं. नाव ठेवलं अण्णा. माइक बिघडलाय म्हणून सांगितलं आणि सगळं टाइप करून बोलायला लागले. काय सांगू तुम्हाला, हात तोच, नेम तोच भिकार, पण जग बदललं! ‘अण्णा सांगतील तिकडं जायचं.’ ‘अण्णांना आधी उचला रे.’ या खेळात गोळी लागून पडलेल्याला सोबत्याने जाऊन उचलायचं असतं, आणि मला उचलायला पोरं जिवावर उदार होऊन धावायची.

दोघं तर कायमचे झाले. विकी पिंपळगावचा, टेम्पो चालवणारा. सागर दिंडोरीचा, बागेत औषध फवारणारा. सागरचे वडील गेले तेव्हा त्याने घरच्यांच्या आधी मला लिहिलं, अण्णा, मला रडूच येत नाही हो. मला टायफॉइड झाला तर विकी पत्ता मागत होता, द्राक्षांची पेटी आणून टाकतो म्हणाला. मी पत्ता दिला नाही. कसा देणार? पण माया खरी होती, एवढं खरं माना. इतकी चौकशी माझ्या घरातसुद्धा कुणी केली नव्हती.

आणि मग सोनाली आली.

पिंपळगावलाच द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होती. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता खेळायची — माइक लावून. बिनधास्त! मागे खोक्यांचा आवाज, बायकांचा गलका, आणि ही ओरडतेय, ‘अण्णा, पळा, तिकडून दोघं येऊन राहिले!’ खेळायची आम्हा तिघांपेक्षा चांगली. खरं दुखणं तेच असावं. विकीने टोमणे सुरू केले. आधी गंमत, मग घाण. सागर नुसता हसायचा. ती उलटून बोलायची, आणि शेवटी म्हणायची, ‘अण्णा, तुमीच सांगा ना याला.’

माझा शब्द तिथे शेवटचा होता. मी एक ओळ टाइप केली असती तर विकी गप्प बसला असता. नाही केली. का? कारण एकदा तो गमतीत म्हणाला होता, अण्णा माइक दुरुस्त का करत नाहीत, बाई आहेत की काय? तेव्हापासून बाईची बाजू घेतल्यासारखं वाटेल असं अक्षरही मी लिहीत नव्हते.

एकदा सोनाली म्हणाली, आज पोट दुखतंय, बसवत नाही. पोरं फिदीफिदी हसली. मला राहवलं नाही. मी तिला एकटीला वेगळा मेसेज टाकला — गरम पाण्याच्या पिशवीने शेक घे, ओवा चाव, उभं राहायचं काम आज दुसरीला दे. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं: ‘ताई हाय ना तुमी? गड्यामाणसाला हे नाय सुचत. घाबरू नका, मी कुणाला नाय सांगायची. लय बरं वाटलं.’

खरं तर मला किती बरं वाटायला हवं होतं! दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला ओळखलं होतं. आणि मी? मनात आलं एवढंच — आता हिच्या हातात माझी शेंडी. चिडली तर सांगेल. नाही सांगितलं तरी कधीतरी तोंडून निघून जाईल. मग विकी, सागर, अण्णा-अण्णा — सगळं संपलं. चार दिवस हेच डोक्यात होतं. तिच्या मेसेजला मी उत्तर दिलं नाही.

पाचव्या दिवशी विकीने पुन्हा तिची छेड काढली आणि ती पुन्हा म्हणाली, ‘अण्णा, सांगा ना.’ मी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: ‘ही मला एकट्याला घाणेरडे मेसेज करते. मी घरदारवाला माणूस आहे. हिला टीममधून काढतोय.’

लिहिलं मी हे. याच बोटांनी, ज्यांनी मी मुलींच्या वह्यांवर ‘शाब्बास’ लिहिते. रागाच्या भरातही नाही — आधी मनात दोनदा जुळवून पाहिलं होतं. बाईला एका वाक्यात कसं संपवायचं हे पुरुषाला शोधावं लागत असेल. मला ते पाठ होतं.

विकीचं गाव आणि तिचं गाव एकच. त्याचा टेम्पो त्याच पॅकहाउसला लागायचा. पंधरा दिवसांनी तोच हसत हसत सांगत होता — अण्णा, तिची चांगली उतरवली, सगळ्या बायकांना सांगितलं. भावाने फोन फोडला म्हणे, कामावरून पण बंद केली. मी काय लिहिलं असेल? ‘जाऊ दे, खेळा.’

द्राक्षं संपायच्या आधी एकदा मी बसने पिंपळगावला गेले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे चालले. वाटलं, तिला परत कामावर घेतलं असेल. पॅकहाउसमधून कामाच्या बायका तोंडाला रुमाल बांधून बाहेर पडत होत्या आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून आवाज ऐकत होते. तिचा चेहरा मला कुठे ठाऊक होता? नुसता आवाज माहीत. तो काही ऐकू आला नाही. आला असता तर मी पुढे झाले असते, असं म्हणायला जीभ रेटत नाही. बहुधा मान खाली घालून बस पकडली असती.

मी अजूनही खेळते. विकीचं लग्न ठरलंय, पहिली पत्रिका अण्णांना द्यायची म्हणतो.

एक राहिलं. तेच सांगायला इतकं लांबण लावलं. मी ते वाक्य टाकलं तेव्हा सोनाली तिथेच होती, माइक चालू होता. तिने ते वाचलं असणार, कारण मागची खोकी ऐकू येत होती आणि ती काहीच बोलत नव्हती. विकी आणि सागर ऐकत होते. तिने नुसतं ‘ताई’ म्हटलं असतं तरी माझा निकाल लागला असता.

ती म्हणाली, ‘बरं. येते मग, अण्णा.’

त्यानंतर मी तिला काढलं.