कठड्यावरचं हिरवं लुगडं

आमच्या टॉवरच्या लॉबीत परवा जुन्या चाळीचा मोठा फोटो लागला. डिलाईल रोडवरची हीच जागा. चष्मा पुसून मी आमची खोली शोधायला लागले, पण सगळी दारं सारखी आणि कठडे रिकामे.

ते आम्हीच रिकामे केले होते. चाळ पाडायची ठरल्यावर आठवण म्हणून फोटोवाला बोलावला होता. आईनं सकाळीच फर्मान काढलं, "वाळत घातलेलं सगळं आत घ्या. फोटोत चिंध्या नकोत." ओल्या गोधड्या, टॉवेल, पापडांची चादर, सगळं आत गेलं. शेजारच्या मालवणच्या काकू तेवढ्या हलल्या नाहीत. "लुगडां सुकूक नाय अजून. ह्यां घर आसा, लग्नाचो हॉल न्हय." आईनं दोन दिवस अबोला धरला. मलाही काकूंची लाज वाटली होती.

परवा फोटोत तिसऱ्या मजल्यावर एक हिरवी पट्टी दिसली. तिच्या डावीकडचं दार आमचं. मी त्यावर बोट ठेवलं.

"इतक्या दारांतून कसं ओळखलंस, आजी?" नातीनं विचारलं.

"काकूंनी खूण ठेवलीय ना," मी म्हटलं.